पटवर्धनकाकांचा हिरवा झेंडा

“सोळा जण आरती सुरू करतात आणि सतरा ठिकाणी संपवतात.”

कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या मराठी मंडळात, गणपतीपुढे, माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं. वळून पाहिलं तर पटवर्धनकाका, बजबज लोकलचे निवृत्त गार्ड. त्या आरतीत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर आवाज त्यांचाच होता.

पुढच्याच रविवारी त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि पिशवीतून गार्डचे झेंडे काढले. हिरवा हलला की श्वास घ्यायचा, लाल दिसला की सगळ्यांनी एकदम थांबायचं. “उशीर चालेल, डबा सुटता कामा नये.” हे वाक्य दर तालमीला दहादा.

सूर शिकवायला त्यांनी शेजारच्या शर्मिष्ठादींना आणलं. त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडले. “दादा, आपनी गाइबेन ना, प्लीज.” ‘तुम्ही गाऊ नका’ एवढं बंगाली काकांना कळत होतं; ते हसले आणि गायचे थांबले.

मी आरती रोमन लिपीत लिहून आणायचे आणि पहिले सहा महिने नुसते ओठ हलवायचे. काकांनी ओळखलं, पण चारचौघांत बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, “रिकामा डबासुद्धा गाडीतच धरतात.” सातव्या महिन्यात माझा आवाज निघाला.

आता आमचा वृंद मानधन घेऊन गातो. मराठीचा एक शब्द न कळणारे लोक तिकीट काढून आमच्या ओव्या ऐकायला येतात. चार सुरावटी एकमेकींत मिसळून एकाच क्षणी थांबतात, तेव्हा अख्खं सभागृह टाळ्या वाजवायचं विसरतं. विंगेत इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशातले काका घड्याळ बघून म्हणतात, “राइट टाइम.”

यंदा गणपतीत आम्ही आरतीला उभे राहिलो. सोळा जण, एक श्वास. समोर झेंडा धरून काका. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

ती युक्ती मला चांगली ठाऊक होती.

कार्यक्रमात त्यांनी न गाणं ठीक होतं. पण ही घरची आरती. इथे कुणीही गावं, कसंही गावं. पहिलं कडवं संपलं. काकांनी पुढच्या कडव्यासाठी झेंडा उचलला, आणि त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला.

“काका, डबा सुटलाय. झेंडा ठेवा, आणि माझ्या शेजारी येऊन गा.”