टोपी न विकणारा बाबाराव

बाबाराव टोपीवाला गिऱ्हाईक हाकलतो. नांदेडच्या जुन्या कापड गल्लीत नुसती गडीमाणसाच्या कपड्याची दुकानं. धोतरं, फेटे, शेरवान्या. बाकीचे दुकानदार हात धरून आत ओढतात. हा म्हणतो, "तुला न्हाई शोभत. ऊठ."

एका नवरदेवानं जरीचा फेटा मागितला. "बँडवाला समजून तुलाच वाजवायला लावतील," म्हणला. वर समोरच्या दुकानाकडं बोट. "तिथं जा. ते खोटं बोलतात, तुला बरं वाटंल."

माझी बायको कमळ तोंडाला पदर लावून हसायची. चाळीस वर्षं माझी टोपी तिनं निवडली अन् ह्यानं मान हलवली. मला कुणी विचारलंच न्हाई.

कमळ गेली. आमच्याकडं बायको गेली की तेराव्याला तिच्या माहेरचा माणूस नवऱ्याला नवी टोपी घालतो. तोवर डोकं उघडं. लोह्याला तिच्या माहेरी कुणी उरलं न्हाई. म्हणलं, आपणच आणू. अहमदपूरहून एसटीनं नांदेडला गेलो.

बाबारावनं माझं डोकं बघितलं. "दुखवटा? कुणाचा?"

"कमळचा. टोपी दे."

हातातली टोपी परत फळीवर ठेवली. म्हणला, "न्हाई देत."

मी भडकलो. "आज तरी नखरे सोड! मरूस्तोर बोडका फिरू का?"

"सोता इकत घेतलेल्या टोपीनं दुखवटा निघतो व्हय, येड्या? तेरावं कवा?"

"परवा."

"बरं. जाय."

शिव्या देत घरी आलो.

तेराव्याला, ऐन लगीनसराईत दुकानाला कुलूप घालून गडी आमच्या दारात! माहेरच्यांची सतरंजी रिकामीच होती, तिच्यावर जाऊन बसला. वेळ झाली तसा उठला. माझ्या डोक्यावर टोपी घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली.

भाऊबंद कुजबुजले, "कोण हो हे?"

"कमळचा भाऊ," बाबाराव म्हणला.

माझ्या पोरानं वाकून पाय धरले. "मामा, जेवून जावा."

बाबाराव जेवला. भाजीला एक नाव ठेवलं न्हाई.

तोंडावर चांगलं बोलायची मला सवय न्हाई, म्हणून हे लिहून राहिलो. त्या दिवशी त्याला स्टँडवर सोडाय गेलो, तवा कळलं, त्याला ना बहीण, ना लेकरू. एसटीच्या पायरीवर थांबून हळूच म्हणला,

"पुन्ना मामा म्हणंल का रं तुझा पोरगा?"

"म्हणंल की."