तळ्याची हजामत

ग्रंथालयानं चतुर हे कीटक बघायला लोकांना तळ्यावर बोलावलं होतं. त्या 'चतुर दिवसा'च्या सकाळी, पाहुणे यायला तासभर उरला असताना, ग्रंथपाल बाईंच्या नवऱ्यानं तळ्याची हजामत केली.

चाळीस वर्षं सलून चालवलेला माणूस. वाढलेलं काहीही दिसलं की त्याची बोटं शिवशिवायची. काठची लव्हाळी छातीपर्यंत आलेली पाहून त्याला राहवलं नाही. सगळीकडून एकसारखी, मागून जरा बारीक, असं झकास काम केलं होतं.

"अहो, हे काय केलंत?"

"कुठं काय? लोक येणार म्हणून तळ्याला जरा माणसांत आणलं."

"आणि चतुर बसणार कुठं? तुमच्या टकलावर?"

चतुर नसते आले तरी एक वेळ निभावलं असतं. बाईंना खरी धास्ती आजींची होती. वस्ती व्हायच्या आधीपासून तळ्याकाठी राहणाऱ्या लोकांपैकी त्या. चतुरांबद्दल त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं सगळं ठाऊक असलेल्या आता त्या एकट्याच. मागे कुणीतरी त्यांना स्टेजवर बसवून, "दोन मिनिटांत तुमची संस्कृती सांगा," म्हणून माइक दिला होता आणि दीड मिनिटात काढून घेतला होता. तेव्हापासून त्या गप्प. बाई दोन वर्षं त्यांच्या दारात चहा पीत बसल्या, तेव्हा कुठं यायला कबूल झाल्या होत्या.

"परत लावतो ना," नवरा म्हणाला. कापलेल्या लव्हाळ्यांची जुडी बांधून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. "अशी धरतो. लांबून काही कळत नाही."

लांबूनच कळलं. पाहुणे जमले, पाठोपाठ आजी आल्या, पांढरे केस वाऱ्यावर मोकळे सोडलेले. त्यांनी काठ पाहिला, जुडी पाहिली आणि जुडीमागचा माणूसही पाहिला.

"कुणी कापलं?"

नवऱ्यानं लव्हाळ्यांत तोंड खुपसलं.

"निघते मी," आजी म्हणाल्या.

"आजी, ऐका तरी..." बाई त्यांच्यामागे धावल्या.

तेवढ्यात कीटकांवर बोलायला आलेल्या भिंगवाल्या मॅडम ओरडल्या, "अहो काका, हलू नका! बाहीवर बघा!"

पाण्यातून एक मातकट किडा जुडीवर चढून थेट त्याच्या बाहीवर आला होता. घट्ट पाय रोवून बसला, आणि त्याची पाठ उलायला लागली.

आजी परत फिरल्या. थेट पाण्यात शिरल्या, चपलांसकट.

"चतुर कात टाकतोय," त्या पुटपुटल्या. "आता कुणी बोलायचं नाही. त्यानं ज्याला धरलं, त्यानं हलायचं नाही. उडेपर्यंत. आमच्यात असंच असतं."

"बरोबर आहे," मॅडम कुजबुजल्या. "पंख ओले असताना धक्का लागला तर कायमचे वाकतात. दोन वर्षं पाण्यात काढली असतील त्यानं."

"तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात वाचलं."

"मला माझ्या आईनं," आजी म्हणाल्या आणि सरकून त्यांनी मॅडमना शेजारी जागा दिली.

कार्यक्रमाच्या अध्यक्षांनी आठ पानांचं भाषण हळूच खिशात सारलं. साठ माणसं तासभर चिडीचूप. पण खरी परीक्षा नवऱ्याची होती. चार गिऱ्हाइकांशी एकाच वेळी बोलणारा माणूस, त्याला ना बोलता येत होतं ना हलता. त्यातून नाकाला खाज सुटली. त्यानं केविलवाणं बायकोकडे पाहिलं. बाई साडी खोचून पाण्यात उतरल्या, त्यांनी त्याचं नाक खाजवलं आणि मग तिथंच, त्याच्या कोपराला आधार देत उभ्या राहिल्या.

पंख उलगडले, वाळले, काचेसारखे चमकले. चतुर उडाला. टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही.

आजी काठावर बसल्या आणि आपण होऊन बोलू लागल्या. दोन मिनिटं नव्हे, चांगली दुपार झाली. माइक कुणी दिलाच नव्हता, त्यामुळे काढून घ्यायचाही प्रश्न नव्हता.

निघताना त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं. बाहीवरची रिकामी कात त्यानं अजून झटकली नव्हती.

"पुढच्या वर्षी येईन मी. लव्हाळी वाढली नाहीत तर तूच उभा राहा."

"हो आजी."

"आणि माझ्या केसांकडे बघणं बंद कर. मघापासून बघतोयस."