मोकळ्या जागेतले केशोराव

केशोरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कसा असावा, हे अतुलने केशोरावांना न विचारताच ठरवलं होतं. अर्जुनी मोरगावच्या बस स्टँडसमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि डोक्यात पुण्याला केलेला डिझाइनचा कोर्स. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती आणि केशोरावभाऊ तिला उभे राहणार होते. हा फ्लेक्स भाऊंना आवडला की प्रचाराचं सगळं काम आपल्याच पदरात, हे त्याला ठाऊक होतं.

मित्रपरिवाराच्या शुभेच्छांची ऑर्डर द्यायला भाऊ दरवर्षीप्रमाणे स्वतःच आले. "अक्षर सोनेरी पायजे. मागं वाघ. खाली साऱ्या पोरायचे फोटो."

"भाऊ, वाघ आता जुना झाला." अतुलने कॉम्प्युटरवर आपला लाडका फॉन्ट उघडला. "हे पाहा. नुसते गोल अन् सरळ रेघा. ना शेपटी, ना नखरा. मेट्रोच्या पाट्या, मोठ्या कंपन्या, सारे हेच वापरून राहिले."

"लयच सुकलं दिसते बे."

"मॉडर्न आहे, भाऊ. अक्षराले श्वास घ्याले मोकळी जागा पायजे."

'मेट्रो' ऐकून भाऊ विरघळले. मग अतुलला कोण आवरणार? वाघ गेला, सोनं गेलं, पोरं गेली. रंगापुढे अक्षर मार खातं म्हणून फोटो काळापांढरा झाला. त्याखाली 'केशोराव', आणि त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा इतक्या सडपातळ, की वाचायला शिडी लावावी. बाकी सगळं पांढरंशुभ्र.

सकाळी फ्लेक्स चौकात लागला. आपल्याकडे असा पांढरा फ्लेक्स आणि एकटा फोटो कोणत्या प्रसंगी लागतो, हे कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं. बसची वाट पाहणाऱ्या धुरपताबाईंनी मान वर केली आणि हात जोडले.

"अवो माय, केशोराव गेले! काल तं चांगले हिंडून राहिले होते!"

बस येईपर्यंत फ्लेक्सला हार चढला, उदबत्ती लागली, फोटो मोबाइलवरून तालुकाभर फिरला. पानठेल्यावरचं दुःख चहा संपेपर्यंत टिकलं. मग कोणीतरी विचारलं, "तिकीट आता कोनाले?"

केशोराव घरी नवा कुडता घालून हारतुऱ्यांची वाट पाहत होते. आला तो शेजारचा दुधराम, खांद्यावर तिरडीचे बांबू घेऊन.

"मले जिताजागता मारलं काऊन बे?" भाऊ दुकानात येऊन गरजले. प्रचाराचं काम गेलं, हे अतुलला कळून चुकलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. ओमेश! भाऊंचा उजवा हात, दोन दिवसांसाठी सालेकशाला सासरी गेलेला. हाच भाऊंना शांत करेल, म्हणून अतुलने घाईने स्पीकर लावला.

"अतुल, भाऊ गेले. लय वाईट झालं," ओमेश एका दमात म्हणाला. "माया एक फ्लेक्स कर. 'भावी उमेदवार'. माया फोटो मोठा, भाऊचा कोपऱ्यात टाक, लहानसा. अन् आजच लाव, नाई तं दुसरा कोनी लावल."

फोन बंद झाला. भाऊ स्टुलावर बसले. ज्याला हाताला धरून राजकारणात आणलं, त्याला रडायलाही फुरसत नव्हती. हे त्यांना फार लागलं.

"कर त्याचा फ्लेक्स," ते शेवटी म्हणाले.

"सोनेरी?"

"नाई. तुयाच अक्षरात. फोटो काळापांढरा, मधात. शुभेच्छा खाली, बारीक."

अतुलला गहिवरून आलं. त्याचा फॉन्ट आपण होऊन मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. "कुठं लावू, भाऊ?"

"चौकाचौकात लाव. पन पयला सालेकशाले, त्याच्या सासऱ्याच्या दारापुढं."