खुडूक रेडिओ

"त्या डब्याला हात लावायचा नाही," रोझाने नवऱ्याला बजावलं. "आत कोंबडी खुडूक बसलीये."

निकोलस हातात पक्कड घेऊन उभाच राहिला. डबा त्याचा होता. कोलशेतच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सांभाळून रेडिओ जुळवायचा त्याला नाद होता. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान भंगारात निघालं, तेव्हापासून ठाण्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत लोखंडी डबे येतच राहिले. हा त्यातला राजा. खाकी रंगाचा, जाळीदार पाठीचा, दोन मजली, कुठल्याशा वायरलेस यंत्राचं कवच. खालच्या मजल्यात काचेचे व्हॉल्व्ह आणि तारा बसवून झाल्या होत्या. वरच्या मजल्यात स्पीकर बसायचा, तिथे कोंबडी बसली.

"दुसरीकडे बसव ना तिला."

"उठवली तर परत बसायची नाही ती. बाकीच्या सगळ्या मुंगसाने नेल्या, ही एक उरलीये. तुझा डबा काय पळून जातोय?"

निकोलसने काही दिवस कळ काढली. मग एका दुपारी रोझा बाजारात गेली आणि त्याला राहवेना. स्पीकर बाहेर टेबलावर ठेवून त्याने जोडला. नुसतं हळूच लावून बघायचं, एवढाच बेत होता. रेडिओने आधी घसा साफ केला आणि मग कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. कोंबडी उडाली ती खिडकीतून थेट शेजारच्या त्र्यंबकराव लेल्यांच्या देवघरात.

त्र्यंबकराव निवृत्त शिक्षक. ते ओलेत्याने आले, पंच्यात गुंडाळलेली कोंबडी हातभर लांब धरून.

"निकोलस, ही आमच्या अन्नपूर्णेच्या मस्तकावर विराजमान झाली होती. मला आता पुन्हा स्नान करावं लागेल."

कोंबडी त्या डब्याच्या जवळपासही फिरकेना. रोझा परतली, तिने सगळं ऐकलं आणि एक अंडं गालाला लावून पाहिलं.

"गार व्हायला लागलीत," एवढंच ती म्हणाली. ती ओरडली असती तर निकोलसला बरं वाटलं असतं.

रेडिओ बंद करायला तो वाकला आणि त्याचा हात डब्याला लागला. खालच्या तापलेल्या व्हॉल्व्हमुळे वरचा मजला छान उबदार झाला होता.

"रोझा, इथे हात लाव."

तिने लावला. मग जुनं लुगडं अंथरलं, अंडी नीट मांडली, बाजूला पाण्याची वाटी ठेवली.

"हे आता बंद करायचं नाही."

"रात्रीसुद्धा?"

"कोंबडी रात्री उठून जाते का?" थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण हे सारखं बोलायलाच हवं का?"

आवाजाचा आणि उबेचा काडीचाही संबंध नव्हता. निकोलस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आवाज बंद केला की ऊब जाते."

झालं. रेडिओ दिवसभर बोलू लागला. त्र्यंबकराव तक्रार करायला आले, पण नेमका ख्याल चालू होता, तो संपेपर्यंत ते उंबऱ्यातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी घरून खुर्ची घेऊन आले. "अंडी कशी आहेत?" असं विचारायचे आणि उत्तर न ऐकता डोळे मिटायचे. रोझा अंडी उलटता उलटता साऱ्या जगाच्या बातम्या ऐकत होती.

एका संध्याकाळी बातम्यांच्या मधेच बारीक चिवचिव सुरू झाली. निकोलस घाईघाईने तारा आवळू लागला.

"तारा सोड," रोझा म्हणाली. "वर बघ."

पिल्लं झाली. कोंबडीने त्यांच्याकडे परक्याच्या लेकरांसारखं पाहिलं आणि ती दाणे टिपायला निघून गेली. रोझाने हौसेने पिल्लांना अंगणात सोडलं. दिवस कलला, मुंगूस फिरायची वेळ झाली, तरी पिल्लं आत येईनात. रोझाने कण्या टाकल्या, हाका मारल्या. निकोलस त्यांच्यामागे वाकून वाकून धावला, तशी ती लेल्यांच्या तुळशीमागे पांगली. रोझाचा आवाज रडवेला झाला.

इतक्यात घरात, त्र्यंबकराव ऐकत बसले होते त्या रेडिओवर, गाणं संपून बातम्या लागल्या. निवेदकाचा भारदस्त आवाज अंगणात पोहोचला. पिल्लांनी माना वर केल्या आणि एकामागून एक, उंबरा ओलांडून, सगळी रेडिओखाली येऊन उभी राहिली.

त्र्यंबकरावांनी खुर्चीवर पाय वर घेतले. "आई ओळखली त्यांनी," ते म्हणाले.

रोझाने दार लावलं आणि पदराने डोळे पुसले. मग स्टूल ओढून ती रेडिओसमोर बसली.

"हे लावतात कसं, ते मला शिकव," ती निकोलसला म्हणाली. "तू कामावर असलास तर पोरांना हाक कोण मारणार?"