खग्रास सोयरीक

कॉम्प्युटर जोरात कसा पळवायचा, हे अख्ख्या वडीगोद्रीत एकाच माणसाला कळत होतं, आन तो माणूस म्हंजी मी! दोन हजार सहा सालची गोष्ट हाय.

मी घरी बसून प्रोग्राम लिहायचो. त्या कामाचं सॉफ्टवेअर आमच्या जुन्या डब्यावर उघडायचं म्हणलं की चहा ठिवावा, प्यावा, कप विसळावा! त्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन असती. दिसत न्हाई, पण सगळं तीच ओढती. तिला किती मेमरी द्यायची, ते सेटिंगमधी एका ओळीत लिहायचं. थोडी वाढवून पाह्यली, तर सॉफ्टवेअर असं भर्रकन उघडलं की मीच थक्क झालो!

दुसऱ्या दिवशी धावड्याहून पाव्हणे घर बघायला येणार होते. मुलीचे वडील बद्रीनाथराव आन आत्या साळूबाई. मुलगी, शिवकन्या, माझ्या मनात पक्की भरली होती. म्हणलं, पोरगा काय चीज हाय ते दाखवूच! आन होती नव्हती ती सगळी मेमरी मशीनला देऊन टाकली.

पाव्हणे आले, पोहे आले. मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर निळं-जांभळं चित्र आलं, नाव आलं, आन सगळं जागच्या जागी थांबलं! डबा नुस्ता घर्र घर्र करून राह्यला.

"हे काय लिव्हलंय?" बद्रीनाथरावांनी इचारलं.

"एक्लिप्स. सॉफ्टवेअरचं नाव हाय, मामा."

"म्हंजी?"

घाबरलेला माणूस खरं बोलून जातो. "म्हंजी... गिऱ्हान."

साळूबाईनं तोंडाजवळचा चमचा खाली ठिवला. "गिऱ्हानात खात न्हाईत! आन सोयरिकीचं तर नावच नको. कव्हा सुटतंय?"

"आत्ता सुटंल, आत्याबाई! बिलकुल आत्ता!"

सुटंना! पोहे गार, चहावर साय. मी घामानं वलाचिंब. दोघं पाव्हणे पडद्याकडं श्वास धरून बघत होते. शेवटी साळूबाईनं माझ्या आईकडून मूठभर ज्वारी मागून कीबोर्डापुढं ठिवली. "दे दान, सुटे गिऱ्हान!"

आन लाइट गेली. पडदा काळा ठिक्कर!

"अगं माय, खग्रास!" साळूबाई वरडली.

संपली सोयरीक, मी म्हणलं. तर बद्रीनाथरावांनी माझे दोन्ही हात धरले. "बाप्पा! पंचांगवाले गिऱ्हान नुस्तं सांगत्यात. ह्यो गडी घरात बसून लावतो!"

त्यांनी जल्दी जल्दी मोबाइलवर शिवकन्याला सगळं सांगितलं, आन फोन माझ्या हातात देला.

"सगळी मेमरी मशीनलाच देली ना?" तिकडून बारीक आवाज आला. "मंग बाकीच्या कॉम्प्युटरनं काय उपाशी मरावं? निम्मी द्यायची असती."

"तुम्हाला... कसं म्हाईत?"

"कॉम्प्युटरमधी बी.एस्सी. केलंय मी. बायोडाटात लिव्हलंय. वाचला न्हाई का?"

काय सांगू? मी फोटोच्या पुढं गेलोच नव्हतो!

तरी ती हो म्हणली. का म्हणली, हे इचारायची हिंमत अजून झाली न्हाई.