भरल्या पोटाच्या तीन कोंबड्या

जावयानं खाद्याची चाळीस पोती सासऱ्यांच्या गॅरेजात रचली, त्या दिवसापासून सासऱ्यांची मोटार अंगणात ताडपत्रीखाली होती आणि सासऱ्यांचा पारा छपराला टेकला होता. कोळी जी काटेरी मासळी जाळ्यातून झटकून टाकत, ती वाळवून, दळून जावयानं कोंबड्यांसाठी खाद्य केलं होतं. वास असा, की पोस्टमन पत्रं फाटकावरूनच भिरकावायचा.

"जावईबापू, शनिवारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पोती उकिरड्यावर आणि तुम्ही माझ्या मित्राच्या ऑफिसात कारकून!"

कारकुनीच्या नुसत्या नावानं जावयाला घाम फुटला. ऐन शनिवारी एक पोल्ट्रीवाला कबूल झाला, पण म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत कोंबड्यांनी खाल्लं पाहिजे."

जावयाकडे कोंबड्या कुठल्या! शेजारणीच्या तीन उसन्या आणल्या आणि परातीवर तुटून पडाव्यात म्हणून सकाळपासून उपाशी ठेवल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

पोल्ट्रीवाल्यासमोर परात आली. एका कोंबडीनं पाठ फिरवली, दुसरीनं डोळे मिटले, तिसरी परातीतून चालत पलीकडे गेली.

"आवडलेलं दिसत नाही," पोल्ट्रीवाला म्हणाला.

"छे हो, लाजतात! हे बघा, मी खातो." जावयानं बकाणा भरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तुम्ही अंडी देणार का?" पोल्ट्रीवाला फाटकाकडे वळला.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. "अहो, आणखी किती चारताय त्यांना? सकाळपासून नुसता कलकलाट! पेपर वाचू देईनात. शेवटी नाक दाबून मीच तुमच्या पोत्यातलं पातेलंभर घातलं. पाच मिनिटांत फस्त केलं मेल्यांनी!"

पोल्ट्रीवाल्यानं एक कोंबडी उचलून तिच्या गळ्याखाली चाचपलं. "टम्म आहे की! तुम्हाला आवडतं का हो हे खाद्य?"

"मला? डोळ्यांसमोर नको!"

"मग खोटं कशाला बोलाल? चाळीसच्या चाळीस पोती माझी."

जावई आनंदानं रडला. बकाण्याचंही थोडं पाणी होतंच. सासऱ्यांनी तर क्षणात ताडपत्री ओढून मोटार मोकळी केली.

"फक्त दर सोमवारी एकेक पोतं पाठवत जा," पोल्ट्रीवाला जाता जाता म्हणाला. "एकदम ठेवायचं म्हणजे... आमच्या घरी माणसं राहतात हो."

सासऱ्यांनी बोटांवर चाळीस सोमवार मोजले. मग त्यांनी ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला जावयाला हाक मारली.