पेडणेकरांची बाहेरची माणसं

आमच्या शेजारचे पेडणेकर कोणालाही काम द्यायच्या आधी त्याचं घर बघून येतात. नुसतं बाहेरून नाही. आत बसून, चहा पिऊन, पाणी किती वेळ येतं ते विचारून. आणि काम म्हणजे नळ दुरुस्तीचं नव्हे हं. कॉम्प्युटरचं. पेडणेकरांची सॉफ्टवेअरची कंपनी आहे, वर्तकनगरात, आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बेडरूममध्ये.

हा माणूस आयुष्यभर वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. कारखाना बंद पडला तर गप पेपर वाचत बसावं ना! नाही. यांनी मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर काढायचं डोक्यात घेतलं. स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कर्ज काढायचं नाही, नोकर ठेवायचे नाहीत. "वहिनी, सगळं बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायचं. आपण फक्त मध्ये बसायचं." मध्ये बसणं हा त्यांच्या मते मोठा हुद्दा आहे.

पहिला बाहेरचा माणूस त्यांनी इंटरनेटवर शोधला. गॉगलवाला फोटो होता त्याचा. त्याने निम्मं काम केलं आणि एके दिवशी फोन बंद. पासवर्ड त्याच्यापाशी. पेडणेकरांना आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये शिरता येईना. मग त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'धडा पहिला. घर बघितल्याशिवाय काम देऊ नये.' मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. एवढं मन लावून धडा गिरवणारा एक विद्यार्थी मला मिळाला असता तर काय हवं होतं!

घर बघायला बरोबर मी. "बाईमाणसाला घर एका नजरेत कळतं," म्हणाले. आमचे हे म्हणाले, "जा जा, तेवढीच मला शांतता." कळव्याचा एक हुशार मुलगा नापास झाला, का तर त्याच्या घराला मागचं दार होतं. "निसटायला सोपं," पेडणेकर जिन्यात माझ्या कानाशी कुजबुजले.

टिटवाळ्याला प्रज्ञा नावाच्या मुलीच्या घरी गेलो तेव्हा तर कहरच झाला. पेडणेकर इस्त्रीच्या शर्टात, हातात पेढ्यांचा पुडा, शेजारी मी काठापदराच्या साडीत. तिच्या आईने पोहे पुढे ठेवले, पदर सावरला आणि हळूच विचारलं, "मुलगा काय करतो तुमचा?"

"मुलगा कुठला?" पेडणेकर म्हणाले. "आम्ही मंगल कार्यालयाचं बोलायला आलोय."

"अहो, आधी मुलगा तर दाखवा! एकदम कार्यालयावरच काय गेलात?"

आतल्या खोलीत प्रज्ञा हसून हसून बेजार. शेवटी तीच लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आई, हे माझं काम बघायला आलेत गं. मी तुला सकाळीच बोललेले." माउलीचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. पेडणेकरांनी मात्र तेवढ्यात खिडकीचे गज मोजून मुलगी पास केली.

धडा दुसरा: एकाच माणसाला सगळं काम देऊ नये. म्हणून बुकिंग घेण्याचा भाग प्रज्ञाकडे आणि बुकिंग रद्द करण्याचा डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे. वर दोघांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही. "एकत्र आले की युनियन करतात, वहिनी." कारखान्याची सवय, जाते थोडीच! डोंबिवलीच्या एका कार्यालयात ते दाखवायला गेले. मालकाने नमुन्यादाखल एक लग्न बुक केलं आणि लगेच मोडलं. मोडलं ते मोडलं, पण बुकिंगच्या भागाला कोणी कळवायचं? नमुन्याला नंबर आमच्या ह्यांचा दिलेला. इकडे ह्यांना दर तासाला मेसेज येतोय, 'वधूपित्याचे अभिनंदन! पंगत किती पानांची?' आम्हाला दोन्ही मुलगेच. हे दिवसभर माझ्याकडे संशयाने बघत होते.

तेव्हापासून सगळं काम प्रज्ञाकडे गेलं. आणि सुरू झाली सकाळी नऊची मीटिंग. ही मीटिंग उभ्याने करायची असते असं पेडणेकरांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणजे लांबत नाही म्हणे. पेडणेकर बाल्कनीत फोन स्पीकरवर टाकून सावधानमध्ये उभे, आणि आधी विचारणार, "प्रज्ञा, उभी आहेस ना?" ती म्हणणार, "हो काका. ऐकू येतंय का?" येतंय म्हणजे काय, अख्ख्या सोसायटीला ऐकू येतंय! पाऊण तास उभं राहून गुडघे धरले की ते खुर्चीवर बसून पुढची मीटिंग चालू ठेवत.

असं बरंच चाललं. मग परवा गुरुवारी प्रज्ञाचा मला फोन आला. आवाज रडवेला.

"काकू, मला ऐरोलीला नोकरी लागलीये. पर्मनंट. सोमवारी जॉइन व्हायचंय, नाहीतर ते दुसऱ्याला घेणार."

"अगं मग जा की! रडतेस काय?"

"काकांना शब्द दिलाय मी. काम पूर्ण झालं असं ते बोलल्याशिवाय सोडणार नाही म्हणून. आणि ते बोलतच नाहीत. काम होळीलाच संपलंय, काकू. कार्यालयवाले वापरतायत पण. तरी दर आठवड्याला बटण निळं कर, मग हिरवं कर, मग परत निळं. नोकरीचं सांगायला गेले की ते नवीन बदल काढतात."

माझं डोकंच फिरलं. गरिबाच्या पोरीची नोकरी जायची वेळ आली आणि हा गृहस्थ बटणं रंगवत बसलाय! तशीच उठले, शेजारी गेले आणि दारातूनच सुरुवात केली. "अहो पेडणेकर, काही जनाची नाही तर मनाची! त्या मुलीचं नुकसान करताय तुम्ही. काय राहिलंय तुमचं काम? दाखवा मला!"

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. स्टोअरकीपरच्या सुबक अक्षरात यादी होती. अक्षर जरा मोठं. अक्षर जरा लहान. बटण डावीकडे. बटण उजवीकडे. प्रत्येकापुढे एकेक शुक्रवार नेमलेला, पार दिवाळीपर्यंत.

"मला निळ्या-हिरव्यातलं काय कळतंय, वहिनी?" ते म्हणाले. "आमची ही गेल्यापासून या घरात कोणी मला हाक मारत नाही. ती पोरगी रोज सकाळी काका म्हणते. काम संपल्यावर ती कशाला फोन करील मला?"

मला एकदम लाज वाटली. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. रोज ती मीटिंग ऐकून मी कपाळाला हात लावला होता, पण एकदाही उठून विचारलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "पेडणेकर, सोमवार जवळ आलाय."

त्यांनी मान हलवली. यादीवर तिरकी रेघ मारली आणि फोन लावला. या वेळी उभे राहिले नाहीत.

"प्रज्ञा, काम पूर्ण झालं. फार सुरेख केलंस. सोमवारी नोकरीवर जा."

पलीकडून मग ती म्हणाली, "काका, मग सोमवारपासून सकाळी मी काय सांगू तुम्हाला?"

पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न वहीत कुठे नव्हता. "डब्यात काय नेलंस ते सांग," ते कसेबसे म्हणाले.

"चालेल. पण मग तुम्ही काय जेवलात ते तुम्ही सांगायचं. आणि चहा-खारी बोललात तर चालणार नाही हं, काका."

"नाही, नाही," म्हणत त्यांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग उठून स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवरचं काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग पातेली खाली आली, आणि थोड्या वेळाने कुकर पोटाशी धरून ते दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "डाळीला शिट्ट्या किती करायच्या?"